मॅडम, ह्याचा क्लास कुठं असतोय?

अभियोग्यता चाचण्यांचं खोकं शाळेत आलं त्या दिवशी कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता आणि निम्मा वर्ग गैरहजर होता. शिपाईमामांनी ते पिशवीत गुंडाळून स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर आणून ठेवलं. आत चाळीस प्रश्नपुस्तिका, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, तपासण्यासाठी भोकं पाडलेल्या पारदर्शक जाळ्या आणि एक जाडजूड सूचनापुस्तिका. मुख्याध्यापक सर दारातूनच म्हणाले, "समुपदेशनाचा डिप्लोमा केलाय न्हवं तुम्ही? मग हे आता तुमच्याकडं." झालं. मी मूळची मराठी आणि इतिहासाची बाई. त्या क्षणापासून शाळेची समुपदेशकही झाले, तासिका एकही कमी न होता.

डिप्लोमात अभियोग्यता चाचण्या, म्हणजे मुलाला कशात गती आहे ते बघणाऱ्या चाचण्या, शिकले होते, पण पोहायचं पुस्तक वाचणं वेगळं आणि रंकाळ्यात उडी मारणं वेगळं. शिवाय स्टाफरूमचा मूड चांगला नव्हता. गणिताचे सर म्हणाले, "घटक चाचणी आहे, सहामाही आहे, आठवीपर्यंत पायाभूत आणि संकलित आहे. पोरं परीक्षाच देत बसली तर शिकवायचं कधी?" त्यांचं चूक नव्हतं. मला आधी त्यांनाच पटवावं लागणार होतं की ही परीक्षा त्या रांगेतली नाही.

उदाहरण घरातलंच सापडलं. आमची आठवीची मुलं दरवर्षी एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसतात. त्या परीक्षेत दोन पेपर असतात, दोन्ही नव्वद प्रश्नांचे. एक शालेय क्षमता चाचणी. ती विज्ञान, समाजशास्त्र, गणित यांत वर्गात शिकवलेलं किती आलं ते विचारते. हिला आमच्या शास्त्रात संपादन चाचणी म्हणतात. दुसरी बौद्धिक क्षमता चाचणी. त्यात अंकमालिका, आकृत्या, सांकेतिक भाषा असं, जे कुठल्याच धड्यात नाही. मी सरांना म्हटलं, पहिली चाचणी मागं बघते, काय शिकून झालं ते; दुसरी पुढं, काय शिकता येईल ते. खोक्यातल्या चाचण्या दुसऱ्या जातीच्या. फरक इतकाच की इथं सगळं मिळून एक आकडा येत नाही. शाब्दिक तर्क, सांख्यिक क्षमता, अमूर्त तर्क, यांत्रिक तर्क, अवकाशीय संबंध, कारकुनी वेग आणि अचूकता, असे कप्पे वेगवेगळे. ही धाटणी जुनी आहे. अमेरिकेत बेनेट, सीशोअर आणि वेसमन या तिघांनी 1947 साली डी.ए.टी. (डिफरन्शियल ॲप्टिट्यूड टेस्ट्स) नावाची चाचणीमाला काढली, ती शाळांतल्या मार्गदर्शनासाठीच, आणि पुढं जगभर तिच्या वळणावर चाचण्या निघाल्या.

(मागं आणि पुढं ही वाटणी मी सोपी करून सांगितली, हे इथं कबूल करते. दोन्हींमधली भिंत वाटते तितकी जाड नाही. ज्या घरात वर्तमानपत्र येतं, त्या घरातल्या मुलाला शाब्दिक तर्क सोपा जातो. अभियोग्यता कुणी आभाळातून घेऊन येत नाही.)

चाचणीच्या आधी पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या. संमती हवी होती. नव्वद टक्के चिठ्ठ्या न वाचताच सही होऊन परत आल्या. एका वडिलांनी मात्र खाली लिहिलं होतं, "नापास झाला तर दहावीला बसू देणार का?" त्या चिठ्ठीमुळं मला कळलं की आपण काय सांगायचं विसरलो. दुसरी चिठ्ठी काढली: यात पास-नापास नाही, गुणपत्रिकेत याचा आकडा येणार नाही. तरीही एका मुलाच्या नातेवाईकाने, ते स्वतः क्लास चालवतात, एका संध्याकाळी फोन करून "फक्त दोन दिवस" पुस्तिका मागितली. झेरॉक्स काढून परत देणार होते. मी नाही म्हटलं. एकदा प्रश्न बाहेर गेले की चाचणी मेली, ती मग काहीच मोजत नाही. त्यांना वाटलं मी भाव खाते.

चाचणीचा दिवस म्हणजे गणपतीच्या आधीचा आठवडा. ही माझी चूक. शाळेमागच्या तालमीच्या पोरांचा ढोल-ताशाचा सराव साडेतीनला सुरू होतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. सूचनापुस्तिकेत लिहिलेलं असतं की शांत खोली, पुरेसा उजेड, घड्याळ लावून वेळ. सूचना शब्दशः वाचायच्या, आपल्या मनानं फुलवायच्या नाहीत. मराठीच्या बाईला हे किती जड जातं ते मलाच माहीत. सकाळची तुकडी नीट पार पडली. दुपारच्या तुकडीचा अमूर्त तर्काचा भाग ताशाच्या कडकडाटात गेला. आणि कारकुनी वेगाच्या भागात मी स्वतःच घोटाळा केला. तो भाग जेमतेम तीन मिनिटांचा. अक्षरांच्या आणि आकड्यांच्या जोड्या भराभर जुळवायच्या. पुढच्या बाकावरच्या मुलीची पेन्सिल तुटली, ती रडवेली झाली, आणि मी सवयीनं म्हणाले, "असू दे, दोन मिनिटं जास्त घ्या सगळ्यांनी."

घरी आल्यावर लक्षात आलं की मी काय केलं. ज्या चाचणीत वेगच मोजायचा, तिथं दोन मिनिटं वाढवणं म्हणजे शर्यतीत मध्येच धावपट्टी लांबवणं. त्या तुकडीचा तो भाग मी पूर्ण बाद केला आणि प्रत्येकाच्या अहवालात त्या जागी रेघ ओढली. मुख्याध्यापक सर वैतागले. पण चुकीचा आकडा लिहिण्यापेक्षा रेघ बरी.

तपासणी मी दिवाळीच्या सुट्टीत केली. उत्तरपत्रिकेवर जाळी ठेवायची, भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या. हा झाला कच्चा प्राप्तांक. पण 24 आले म्हणजे चांगले की वाईट, हे नुसत्या चोविसातून कळत नाही. मग मानकांचा तक्ता काढायचा, मुलाची इयत्ता बघायची आणि त्याचं शततमकात रूपांतर करायचं. म्हणजे चाचणी प्रमाणित करताना त्याच इयत्तेच्या ज्या मुलांना ती दिली होती, त्यांच्यातले शंभरात किती जण या मुलाच्या खाली आहेत ते. चकल्या तळून झाल्या की मी टेबलावर बसायचे, नवरा म्हणायचा, "ज्योतिषी झालीस की गं." त्याचा टोमणा विसरण्यासारखा नव्हता. मला नेमकं तेच व्हायचं नव्हतं.

या तपासणीत दहावी 'ब'मधला एक मुलगा अडकला. शाब्दिक तर्क बरा, अमूर्त तर्क बरा, आणि सांख्यिक क्षमतेत शततमक 11. म्हणजे जवळजवळ तळ. मी गणिताच्या सरांचा गुणतक्ता काढला. हाच मुलगा प्रत्येक घटक चाचणीत वीसपैकी चौदा-पंधरा आणतो. कॉपीचं पोर नव्हे. संपादन एक सांगतंय, अभियोग्यता दुसरंच. अशा वेळी मला शिकवलं होतं की कुठलाही आकडा खरा धरायचा नाही, आधी दोन्हींच्या मधे काय आहे ते शोधायचं. चष्मा असेल, ताप असेल, घरात भांडण असेल.

मी उत्तरपत्रिका पुन्हा पुढ्यात घेतली. सहाव्या प्रश्नापर्यंत सगळं बरोबर. सातवा प्रश्न त्यानं सोडला होता, पण उत्तरपत्रिकेवर सातव्या ओळीत खूण होतीच. ती आठव्याची होती. तिथून शेवटपर्यंत सगळी उत्तरं एक घर वर सरकली होती. जाळी एक ओळ वर सरकवून मोजलं, तर बहुतेक उत्तरं बरोबर निघाली.

त्याला बोलावलं. "तुम्हीच म्हणाला होता की मॅडम," तो म्हणाला, "येत नसेल तर सोडा आणि पुढचा घ्या." म्हणाले होते खरंच. उत्तरपत्रिकेवरची ओळही सोडायची असते हे सूचनेत होतं, पण मी ते एका दमात वाचून गेले होते. आता यावर काय करायचं? त्याच पुस्तिकेवर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बसवलं, तर प्रश्न ओळखीचे झालेले असतात. सरकवून मोजलेला आकडा नियमात बसत नाही. मी अहवालात तो भाग रिकामा ठेवला, फाईलमध्ये दोन्ही आकडे आणि कारण लिहून ठेवलं, आणि त्याच्या गणिताबद्दल बोलताना त्याच्या घटक चाचण्यांचाच आधार घेतला. आधी त्याच्या आईला बोलावणं पाठवलं होतं, ते रद्द करायला मात्र विसरले.

ती आली. कपिलतीर्थ मार्केटात भाजी विकते. टोपली शेजारणीकडं ठेवून आली होती. "मी सकाळीच आलो असतो, पण गिऱ्हाईक होतं," म्हणाली. (आमच्याकडं बायकाही आलो-गेलो म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) पोरानं घरी सांगितलं होतं की त्याची परीक्षा बिघडली. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि पहिला प्रश्न केला, "मॅडम, ह्याचा क्लास कुठं असतोय? किती बी फी असू दे."

मला हसूही आलं आणि पोटात कालवलंही. मी म्हटलं, ताई, ह्याचा क्लास नसतो. असलाच तरी घालू नका. मग तिला ती उत्तरपत्रिका दाखवली, फक्त खुणांची बाजू. तिनं बोटानं ओळी मोजल्या. भाजीचा हिशेब तोंडी करणारी बाई, तिला एका नजरेत कळलं. "म्हंजे पोरगं चुकलं न्हाई, वळ चुकली," ती म्हणाली. मी पुढं हे वाक्य स्टाफरूममध्ये बऱ्याचदा वापरलं.

सगळ्या भेटी अशा गेल्या नाहीत. वर्गात पहिली येणाऱ्या मुलीचे वडील बँकेत अधिकारी. मुलीला शाळेत 94 टक्के. चाचणीत तिचे बहुतेक कप्पे पन्नास ते पासष्ट शततमकाच्या दरम्यान. वडिलांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "साठ टक्के? माझ्या मुलीला?"

शततमक म्हणजे टक्के नव्हेत, हे त्या वर्षी मी किती वेळा सांगितलं असेल. साठ टक्के म्हणजे शंभरातले साठ प्रश्न बरोबर. शततमक साठ म्हणजे त्याच इयत्तेची शंभर मुलं ओळीनं उभी केली तर साठ जण हिच्या मागे. ही सरासरीच्या वरची जागा आहे. शिवाय कुठलाही आकडा टाचणीच्या टोकासारखा नसतो. प्रत्येकाला मागं-पुढं थोडी सैल जागा असते. साठ म्हणजे कदाचित पन्नास, कदाचित सत्तर. म्हणून एका कप्प्यात 58 आणि दुसऱ्यात 64 आले, तर "हिला यातच गती आहे" असं म्हणणं म्हणजे वाऱ्यावर भिंत बांधणं. मी त्यांच्यासाठी आकड्याच्या जागी पट्टा काढून दाखवला. बँकेतल्या माणसाला पट्टा पटत नाही, त्याला आकडा लागतो.

"मग वर्गात पहिली कशी येते?" हा त्यांचा खरा प्रश्न होता. याचं उत्तर देताना जिभेला लगाम घालावा लागतो. कुवतीपेक्षा जास्त गुण मिळवते, असं म्हणायची एक पद्धत आमच्या पुस्तकांत आहे. मला ती पद्धत आवडत नाही. गुण तिनेच मिळवलेत ना? ती पहाटे साडेचारला उठते, प्रत्येक धडा तीनदा लिहून काढते. ही सवयही काहीतरी मोजण्यासारखी गोष्ट आहे, फक्त त्या खोक्यात तिची जाळी नव्हती. आणि शाळेतल्या पुढच्या गुणांचा अंदाज बांधायचा तर मागचे गुण हाच चांगला आधार असतो, हे मी त्यांना सांगितलं. पण त्यांना दोन वर्षांच्या निवासी जेईई क्लासबद्दल विचारायचं होतं. तिथं मी अडखळले. मी म्हटलं, ज्या परीक्षेत तेच ते पुन्हा लिहून भागत नाही, न बघितलेलं गणित सोडवावं लागतं, तिथं हिला जास्त त्रास होऊ शकतो, आणि तिला स्वतःला काय हवं ते आपण अजून विचारलेलं नाही. ती शेजारीच बसली होती. वडिलांनी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "मला चालेल." चालेल हा शब्द मला आवडला नाही, पण मी त्यापुढं काही करू शकले नाही. ती क्लासला गेली.

मधल्या काळात शाळेत वेगळंच नाटक. मुख्याध्यापक सरांना सगळ्यांचे शततमक उतरत्या क्रमानं लावून फलकावर लावायचे होते. "पालकांना दिसू दे की शाळा काय करते." मी त्यांना बिनेची गोष्ट सांगितली. 1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमॉंबरोबर पहिली बुद्धिमापन चाचणी बनवली, ती शाळेत मागं पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देता यावी म्हणून. पुढं तिचाच वापर माणसांना शिक्के मारायला झाला. सर ऐकून घेतात, पण त्यांना त्यांच्या भाषेत सांगावं लागतं. म्हटलं, "सर, हे डॉक्टरच्या केसपेपरसारखं आहे. कुणाची शुगर किती, हे आपण सीपीआर दवाखान्याच्या भिंतीवर लावतो का?" फलक टळला. पण एका वर्गशिक्षिकेनं कागदावर नजर टाकून एका मुलाबद्दल "तरीच म्हटलं, डोक्यात काही नाही" असं वर्गासमोर म्हटलंच. त्यानंतर मी अहवाल कुलूपबंद कपाटात ठेवायला लागले, आणि शिक्षकांना आकडे नव्हे तर दोन ओळींची सूचना द्यायला लागले. याला समोर बसवा, हिला सूचना लेखी द्या, असं.

2016 पासून काही वर्षं राज्य मंडळ दहावीच्या मुलांची कल चाचणी घेत होतं, ती अनेकांना आठवत असेल. त्यात सात क्षेत्रं होती, त्यातलं एक गणवेशधारी सेवा. आमच्या वर्गात तेव्हा पोरांचा कल गणवेशाकडं भरपूर आला आणि सगळे खूश. इथं पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं बघतच ती मोठी होतात. पण आवड आणि गती या दोन वेगळ्या गोष्टी. आवड असलेल्या प्रत्येकाला गती असते असं नाही, आणि गती असलेल्याला आवड असतेच असं तर अजिबात नाही. अवकाशीय संबंधात 95 आलेला एक मुलगा मला म्हणाला, "चित्र काढायचा कंटाळा येतो, मला दुकानात बसायचंय." बसला. छान चाललंय.

सगळ्यात जास्त शिकवलं ते उद्यमनगरातल्या एका मुलीनं. वडिलांचं छोटं मशीन शॉप, दोन लेथ. त्यांचा बेत ठरलेला: मुलीला कॉमर्सला घालायचं, म्हणजे बिलं आणि जीएसटी घरातच होईल. यांत्रिक तर्काच्या कप्प्यात पुली, गियर, तरफ असल्या चित्रांचे प्रश्न असतात. तिचा कच्चा प्राप्तांक घेऊन मी तक्ता उघडला, आणि अडले. आमच्या पुस्तिकेत मुलग्यांची आणि मुलींची मानकं वेगळी छापलेली. मुलींच्या तक्त्यात ती 90 वर. मुलग्यांच्या तक्त्यात त्याच प्राप्तांकाला 70. कुठला आकडा खरा?

दोन्ही खरे. वेगळे तक्ते का, तर ज्या मुलींवर चाचणी प्रमाणित झाली, त्यांना यंत्रांजवळ फिरकू दिलेलं नसणार. मुलींच्या तक्त्यात बघितलं तर कळतं की ही मुलगी तशा परिस्थितीतून किती वर आली आहे. पण इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाच्या वर्गात तिच्या शेजारी मुलगेच जास्त बसणार. तिथली स्पर्धा बघायची तर दुसरा तक्ता. मी दोन्ही आकडे वडिलांसमोर ठेवले. आधी तिला विचारलं, हे एवढं कुठून आलं? ती खाली बघत म्हणाली, रविवारी बाबांना डबा द्यायला जाते आणि तिथंच बसते. व्हर्निअरवरचं बारीक माप वाचता येतं. वडिलांना हे माहीतच नव्हतं. म्हणजे ती बसते हे माहीत होतं, वाचते हे नव्हतं.

"म्हणजे शंभर पोरांतल्या सत्तर पोरांच्या पुढं?" त्यांनी विचारलं.

"हो, साधारण तितकं."

ते बराच वेळ कागदाकडं बघत बसले. मग म्हणाले, "बिलं काय, कोण बी करंल."

तिला डिप्लोमाच्या प्रवेशफेरीत, कॅप राउंडमध्ये, मेकॅनिकल मिळालं नाही, सिव्हिल मिळालं. मध्ये एकदा महाद्वार रोडवर भेटली, सर्व्हेचं पहिलं फील्डवर्क झालं होतं, उन्हानं नाक सोललं होतं. आनंदात आहे का विचारलं तर म्हणाली, "ड्रॉइंग भारी जातं मॅडम, बाकी मॅथ्स-टू राहिलाय." सांख्यिक क्षमतेत ती पंचेचाळीसवर होती. मी तेव्हा सांगितलं होतं. तिनेही ऐकलं होतं.

आता या कामाला चार वर्षं झाली. ढोल-ताशाचा सराव सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टच्या सुरुवातीलाच, सकाळच्या वेळेत चाचणी उरकते. पेन्सिली दोन-दोन ठेवते. आणि "येत नसेल तर सोडा" हे वाक्य आलं की थांबते, उत्तरपत्रिका उंच धरते आणि बोटानं ओळ दाखवते. गेल्या महिन्यात पालकसभेला भाजीवाल्या ताई पुन्हा आल्या. थोरला आता आयटीआयला आहे, कळंबा रोडला. या वेळी धाकट्याला दंडाला धरून पुढं केलं.

"ह्यो धाकटा. नववीत आलाय. मी घरात सांगून ठेवलंय ह्याला, प्रश्न सोडलास तर वळ बी सोडायची."

धाकटा म्हणाला, "पण मॅडम, मी सोडणारच न्हाई."